पाटलांचा फोन सकाळपासून एंगेज

सुंदरराव पाटलांच्या लेकीचं, विजयमालेचं, लग्न झालं ते २००१ साल. लग्नासाठी म्हणून पाटलांनी घरात फोन घेतला आणि लग्न उरकताच त्याला कुलूप घातलं. घाटनांदूरजवळच्या त्या गावात तेवढा एकच फोन. त्याच साली कुण्या साहेबांना शिक्षणात क्रांती करायची लहर आली आणि गावच्या प्राथमिक शाळेत कॉम्प्युटर येऊन पडला. शाळेच्या मुतारीला दार नव्हतं. पण दार क्रांतीत बसत नव्हतं.

योजनेचं नाव 'दोन शाळा, एक गोष्ट'. एक वाक्य पुण्याच्या शाळेतल्या पोरांनी लिहायचं, पुढचं इथल्या पोरांनी, आणि इंटरनेटवर दोघांनी मिळून गोष्ट पुरी करायची. मुख्याध्यापक केदारनाथ गुरुजींना गोष्टीशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांची बायको-पोरं अंबाजोगाईला राहत होती आणि तिकडं बदली मागून मागून गुरुजींचं तोंड दुखलं होतं. या खेपेला साहेबांनी निरोप धाडला होता, "प्रात्यक्षिक नीट झालं तर बदलीचं बघू." एवढ्यावर गुरुजी पेटून उठले आणि पाटलांकडं गेले.

"पाटील, तुमच्या फोनची वायर शाळेत ओढतो. एका दिवसाचं काम हाय."

"ओढा की. पन मग आमी फोन कवा करायचा?"

"त्या दिवशी उचलायचाच न्हाई. इकडं उचलला की तिकडं पुणं तुटतंय."

"आसं कावून?"

"कावून ते मलाबी ठावं न्हाई. ट्रेनिंगात आसंच सांगितलंय."

शाळा पाटलांच्या घराला लागूनच होती. लिंबाच्या फांदीवरून वायर आली. साहेब सकाळी येणार होते, म्हणून गुरुजींनी उजाडताच कनेक्शन लावलं. कॉम्प्युटरनं बराच वेळ किंकाळ्या फोडल्या आणि एकदाचं पुणं लागलं. लागलेलं सोडलं तर पुन्हा लागेल याचा भरवसा नव्हता, म्हणून गुरुजींनी ते सोडलंच नाही. साहेब, साहेबांच्या रिवाजाप्रमाणे, दुपारी उगवले. तोवर पाटलांचा फोन एंगेज.

आता त्या भागातली रीत अशी, की घरून फोन फक्त दोन वेळांना करायचा: लग्न ठरल्यावर आणि माणूस गेल्यावर. कुलूप घातलेला फोन सकाळभर एंगेज लागतो आणि घरात लग्नाचं तर कुणी उरलेलं नाही, याचा अर्थ काढायला शहाणपण लागत नाही. धर्मापुरीला पाटलांच्या आईचा, बायनाबाईंचा, धाकटा भाऊ तात्याबा राहत होता. बायनाबाईंना नुकतंच सलाईन लावलं होतं. तब्येत विचारावी म्हणून त्यानं एसटीडी बूथवरून फोन लावला. एंगेज. चहा पिऊन लावला. एंगेज. जेवून लावला, तरी एंगेज. तात्याबानं रिसीव्हर ठेवला आणि बूथमध्येच हंबरडा फोडला, "आक्का गेली माजी!"

"कुनी सांगितलं?" बूथवाल्यानं विचारलं.

"सांगायला कशाला पायजे बे? समद्या सोयऱ्यांना फोन चाललेत तिकडून!"

बहीण गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं भावानं घालायचं असतं. तात्याबानं बाजारातून लुगडं उचललं, जीप ठरवली, भावकी कोंबली आणि निघाला.

इकडं शाळेत क्रांती चालू होती. पोरं हाताची घडी घालून बसली होती आणि गुरुजी एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत होते. एक पोरगं म्हणालं, "गुरुजी, लिवा की, आमची म्हैस व्यायली."

"गप. म्हशी इंटरनेटवर जात न्हाईत."

गुरुजींनी लिहिलं, 'सूर्योदय झाला. पक्षी किलबिल करू लागले.' पुण्याहून आलं, 'आम्ही बागेत गेलो. फुले डोलत होती.' तिकडंही एखादे गुरुजीच बसले असावेत. दोन शाळांतली एवढी पोरं घडी घालून गप्प आणि दोन गुरुजी मिळून निबंध लिहितायत, याला सहकार्य म्हणायचं. साहेबांनी दोनदा जांभई दिली. गुरुजींना अंबाजोगाई लांब जाताना दिसायला लागली.

तेवढ्यात जीप आली. तात्याबाला काय दिसलं? दारात गर्दी, सगळे चिडीचूप, आणि पांढऱ्या कपड्यातले सुंदरराव हातात हार धरून मान खाली घालून उभे. हार साहेबांसाठी होता, प्रात्यक्षिक संपल्यावर घालायचा. तात्याबानं पाटलांच्या गळ्यात पडून टाहो फोडला, "सुंदऱ्या! कवा गेली रं माजी आक्का?"

पाटील सकाळपासून शाळेतच होते. मामा धर्मापुरीहून रडत आलाय म्हणजे खरंच असणार. "माय गेली आन् मला कुनी सांगितलंबी न्हाई!" म्हणत त्यांनीही गळा काढला.

गुरुजी धावत बाहेर आले. "पाटील, जरा दम धरा. साहेब आत हायेत."

"आवो, माय मेली माजी!"

"मेली ते लई वाईट झालं. पन जरा हळू रडा."

गुरुजी बाहेर गेल्यानं कॉम्प्युटरपुढं साहेब एकटे उरले. गुरुलिंग वाण्याची रुद्राणी, चौथीतली, हात सोडून उठली. "साहेब, बायनाआजी मेली न्हाई. मी आत्ता त्यांच्या घरी पानी प्यायला गेलते. आजी भाकर खाऊ लागली होती."

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बाहेरची रडारड आणि पोरीचं बोलणं जसंच्या तसं टाइप केलं. पुण्याहून ताबडतोब आलं, 'मग? पुढे काय झालं?' पाठोपाठ, 'रडणाऱ्यांना कुणी सांगितलं का?' तिकडच्या पोरांनी आपल्या गुरुजींना खुर्चीवरून ढकललं असणार. मग घड्या सुटल्या. पोरं खिडकीला लटकली आणि ओरडून सांगायला लागली, साहेब टाइप करायला लागले.

"आजी आली! आजी आली! हातात भाकर हाय!"

बायनाबाई गर्दीतून पुढं आल्या. "कोन मेलं रं?"

तात्याबाचा टाहो मध्येच थांबला. "आक्का... तू..."

"मी काय? आन् काखेत काय दडवलंस?"

त्यांनी लुगडं ओढून घेतलं, बोटांत चोळून बघितलं, उन्हाकडं धरलं. "तात्याबा, जिती आसताना कवा एक खण आनला न्हाईस. आन् मेल्यावर ही मच्छरदानी व्हय रं?"

खिडकीतली पोरं गज वाजवून हसली. साहेबांनी 'मच्छरदाणी' लिहिलं, आणि तेवढ्यात भावकीतल्या कुणीतरी पाटलांच्या घरात शिरून, बाकीच्या सोयऱ्यांना वाटेतच थांबवावं म्हणून फोन उचलला. पुणं तुटलं.

गुरुजी घाम पुसत आत आले. बदली संपली, असंच त्यांच्या तोंडावर होतं. पण साहेब खुर्चीतून उठले ते डोळे टिपत.

"गुरुजी, जिथं गेलो तिथं सूर्योदय आणि किलबिल. इथं पहिल्यांदा पोरं बोलली. सबंध गाव उतरवलंत तुम्ही गोष्टीत! काय ती म्हातारी, काय ते रडणं! हे सगळं बसवलं कुणी?"

बाहेर तात्याबा अजून बोलणी खात होता. गुरुजींनी क्षणभर दाराकडं बघितलं, मग अंबाजोगाई आठवली.

"मीच बसवलं, साहेब. महिनाभर तालीम घेतली."

"वा! आणि असा माणूस मी अंबाजोगाईला धाडायचा? छे, छे. तुम्ही याच गावात पाहिजेत. मी आहे तोवर तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही, हा माझा शब्द."

साहेबांनी आयुष्यात पाळलेला बहुधा तो एकच शब्द.

कॉम्प्युटर वर्षाच्या आत बंद पडला. तात्याबा पुढच्या वर्षी, २००२ च्या पौषात वारला. बायनाबाई त्याच्या मातीला गेल्या आणि दिवसभर बसून आल्या. त्या स्वतः २००८ च्या माघात, झोपेत वारल्या. तिरडीला पाटलांच्या मागचा खांदा केदारनाथ गुरुजींचा होता.