बाब क्रमांक त्रेचाळीस

साहेबांच्या डोक्यावरचे केस साहेबांचे नाहीत, ही बाब कार्यालयात षट्कर्णी झाल्याने गोपनीयतेच्या प्रश्नाचा गांभीर्याने विचार करणे क्रमप्राप्त झाले. समिती नेमली गेली. तिने तीन बैठकांत असा निर्णय घेतला, की सदर बाब आपणास माहीत नाही, असे प्रमाणपत्र प्रत्येक कर्मचाऱ्याकडून घ्यावे. आता काय माहीत नाही हे कळल्याशिवाय माणूस सही करणार कशी? म्हणून ती बाब प्रमाणपत्रावरच ठळक अक्षरांत छापण्यात आली. सकाळपर्यंत ती चौदा जणांना ठाऊक होती, संध्याकाळी एकशे सोळांना. परंतु माहीत नसल्याची प्रमाणपत्रेही बरोबर एकशे सोळाच जमा झाली, आणि मोहीम शंभर टक्के यशस्वी झाल्याची नोंद समितीने केली.

हे काम अभिलेख कक्षाच्या प्रमुखाकडे होते. त्याला सगळे ‘तिजोरी’ म्हणत. सव्वीस वर्षांत त्याच्या पोटात गेलेली गोष्ट ओठांवर आलेली कुणी पाहिली नव्हती. लोक त्याच्या खोलीत यायचे, दार लोटायचे, ‘फक्त तुम्हाला म्हणून सांगतो’ असे म्हणून मन मोकळे करायचे आणि हलके होऊन चहाला जायचे. तुमचे काय चालले आहे, असे मात्र एकानेही कधी विचारले नव्हते.

आणि त्याचे तर बरेच काही चालले होते. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, पोट सुटलेले नि गुडघे कुरकुरत असताना, हा गृहस्थ पाच महिन्यांपासून नाच शिकत होता. घरी बायकोला ओव्हरटाइम सांगितला होता. लोक हसतील म्हणून सुरुवातीला तो लपवत होता. पण आता नाच शिकवणाऱ्या बाईंनी त्याला येत्या रविवारच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत उभे केले होते, आणि कुणीतरी आपल्याला पाहावे म्हणून त्याचा जीव नुसता तळमळत होता. बायकोने तर पाहावेच पाहावे. पण सांगायचे कसे? तिजोरीने आपण होऊन दार उघडले, तर सव्वीस वर्षांची अब्रू गेलीच म्हणायची.

मार्ग साहेबांनीच दाखवला. पहिल्या यशाने हुरूप येऊन त्यांनी कार्यालयातील यच्चयावत गुपितांची यादी करून त्या सर्वांबाबत प्रमाणपत्रे घेण्याचा आदेश काढला. उपसाहेब जेवणानंतर टेबलाखाली झोपतात, ही बाब क्रमांक सात. टंकलेखिका बाई चार वर्षे राजीनामा पर्समध्ये घेऊन फिरतात, ही क्रमांक एकोणीस. यादी सकाळी फिरली की दुपारपर्यंत गावभर होई. तिजोरीने हे पाहिले, इकडेतिकडे बघितले आणि यादीच्या तळाशी आपल्या हाताने लिहिले: ‘बाब क्रमांक त्रेचाळीस. अभिलेख कक्षाचे प्रमुख नृत्य शिकत असून, रविवारी सायंकाळी सहा वाजता नगर सभागृहात त्यांचा कार्यक्रम आहे. प्रवेश विनामूल्य.’ ताकाला जाऊन भांडे लपवणे ते हेच, पण भांडे सगळ्यांना दिसेल असे लपवण्यात तो वाकबगार निघाला.

दोन दिवसांनी एका पाहुण्यासमोर साहेबांचे केस कानावर सरकले आणि कुणीतरी हसले. हसणे हा माहीत असल्याचा पुरावा! साहेबांनी तिजोरीला बोलावून कलम लिहायला सांगितले. मसुदा म्हटला की त्याला जगाचे भान राहत नसे. त्याने लिहिले, की प्रमाणपत्र दिल्यावर जो कोणी पाहणे, हसणे, विचारणे वा अन्य कृतीने यादीतील कोणतीही बाब माहीत असल्याचे दर्शवील, त्याची वेतनवाढ रोखण्यात येईल. वाक्य जरा आखूड वाटले म्हणून त्याने ‘विचारणे’च्या पुढे ‘हजर राहणे’ असेही घातले. कुटुंबीयांच्याही सह्या घ्यायच्या ठरल्या. बायकोने जेवणाच्या टेबलावर कागद वरपासून खालपर्यंत वाचला, एकदा त्याच्याकडे पाहिले आणि सही केली.

रविवारी सभागृहात तीनशे खुर्च्या होत्या. त्यांवर एक पहारेकरी होता आणि नाच शिकवणाऱ्या बाईंच्या आई होत्या. तिजोरी सुरेख नाचला, एक पाऊल चुकले नाही. पण प्रत्येक गिरकीला त्याची नजर दाराकडे जात होती, आणि दार काही हलले नाही.

सोमवारी सारे कार्यालय मिठाची गुळणी धरून बसले होते. काल कुठे गेला होतात, असे त्याने टंकलेखिका बाईंना सहज म्हणून विचारले, तर त्या घाबरून म्हणाल्या, की काल रविवार होता हेच त्यांना माहीत नव्हते. संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र त्याला राहवेना.

“तुला माहीत होतं?”

“पहिल्या आठवड्यापासून. ओव्हरटाइम करून आलेला माणूस गुणगुणत जिना चढत नाही.”

“मग आली का नाहीस?”

“येणार कशी? माहीत नाही म्हणून सही केलीय ना मी. आणि त्याआधी पाच महिने म्हणाल, तर तुम्ही लपवत होता. म्हटलं, आपण कशाला बिंग फोडा?”

“अगं, फोडायचं होतंस गं,” तो म्हणाला.

मग तिने जेवणाचे टेबल भिंतीला सरकवले, खुर्चीत मांडी घालून बसली आणि म्हणाली, “हं. करा सुरू.”

इकडे समितीने नोंद केली, की त्रेचाळीसपैकी एकच बाब शेवटपर्यंत गोपनीय राहिली असून, त्याबद्दल कर्मचाऱ्यांचे अभिनंदन करण्यात यावे.

आता तुम्ही हसताय. हसा. पण तुमच्याही घरात, नाहीतर शेजारच्या टेबलावर, असे एखादे माणूस असेल. त्याचे काहीतरी चालले आहे हे तुम्हाला केव्हापासून दिसते आहे, आणि तुम्ही अजून विचारलेले नाही. आपण कुणाच्या खासगीत नाक खुपसत नाही, असे तुम्ही म्हणाल. उत्तम. मग इथे खाली सही करा.