तिघींची हजेरी

आधीच सांगून ठेवते, प्रॉक्सी लावण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही! इंजिनिअरिंगला असताना मी एकाच तासाला तीन आवाजांत 'प्रेझेंट सर' म्हटलेलं आहे. एक माझा, म्हणजे संस्कृतीचा, जाडाभरडा. दुसरा वैष्णवीचा, नाकातला. आणि तिसरा अवनीचा, शेपटीवर पाय पडलेल्या उंदरासारखा.

गंमत म्हणजे अवनीची प्रॉक्सी मी पहिल्यांदा लावली, तेव्हा ती माझ्या शेजारीच बसली होती! मेकॅनिकलचा वर्ग. जिकडे बघावं तिकडे मुलगे आणि कोपऱ्यात आम्ही तिघी. मुलीचं नाव पुकारलं की अख्खा वर्ग मान वळवून बघायचा आणि अवनीच्या घशाला कोरड पडायची. आठवडाभर बाई हजर असून गैरहजर! शेवटी मीच ओरडले.

तेव्हापासून आमच्या हॉस्टेलच्या खोलीचा नियमच झाला. प्रॉक्सी विचारून लावायची नाही. विचारलं की समोरची 'नको गं, राहू दे' म्हणते. आधी लावायची, मग सांगायचं.

आता अवनी खराडीत, मी हिंजवडीत आणि वैष्णवी तिच्या आईवडिलांकडे नारायण पेठेत. एकाच पुण्यात राहून डिग्रीनंतर आम्ही तिघी एकदाही एकत्र भेटलो नव्हतो! दोघी-दोघी भेटायचो, तिसरी ट्रॅफिकमध्ये. आणि आता वैष्णवी शिकायला जर्मनीला निघाली होती. शनिवारी रात्रीचं विमान. म्हणून मी ग्रुपवर फर्मान काढलं: 'शनिवार, दुपारी चार, कॉलेजचं कँटीन, खांबामागचं टेबल. मी ऑफिसात चाळीस माणसांचं प्लॅनिंग करते, तुम्ही दोघी म्हणजे काय!'

वैष्णवीचं उत्तर आलं: 'दोन वाजता माझी स्कूटर बघायला गिऱ्हाईक येतंय. बघते.'

अवनीचं आलं: 'नव्या फ्लॅटवर स्वयंपाकघराचा ओटा बसवायला माणसं येणारेत. बघते.'

खरं तर मलाही सोसायटीची मीटिंग होती. मीही लिहिलं, 'मीटिंग आहे, पण बघते.'

पुण्यात 'बघते' म्हणजे 'नाही', हे काय सांगायला हवं? मी ठरवलं, मीटिंग गेली खड्ड्यात! वैष्णवीकडे जायचं, तिचं गिऱ्हाईक आपण सांभाळायचं आणि तिला कँटीनला पिटाळायचं. अर्थात, न सांगता.

नारायण पेठेत पोचले, तर दार श्यामलाकाकूंनी उघडलं. वैष्णवीच्या आई.

"वैष्णवी कुठंय?"

"खराडीला गेली. बॅगा उघड्या टाकून! अवनीचा ओटा बसवून घेते म्हणे, म्हणजे अवनी मोकळी होईल. उद्या जर्मनीत पोचायचंय आणि आज ओटे बसवतेय!"

"आणि स्कूटर?"

"'आई, तूच दाखव' म्हणाली. मला त्यातलं हॉर्न तेवढं कळतं."

मी तडक अवनीला फोन लावला.

"हळू बोल!" पलीकडून कुजबुज. "मी तुझ्या सोसायटीत आहे."

"माझ्या? कशाला?"

"तुझी हजेरी लावायला! इथे कोण कुणाला ओळखतंय? थांब, तुझं नाव आलं..." आणि असा खणखणीत "प्रेझेंट!" ऐकू आला की मी फोन कानापासून लांब धरला. ही अवनी? आमचा उंदीर? माझा ऊर भरून आला.

"बास, आता गप्प बस हं," मी म्हटलं.

"एक मिनिट. अहो काका, हे टँकरचं काय चाललंय? मी बोलू का जरा?"

"अगं, नको!" पण फोन बंद झाला होता.

म्हणजे बघा! जिनं तिनं स्वतःचं काम सोडलं आणि दुसरीचं धरलं! तेवढ्यात दिगंबरराव नावाचं गिऱ्हाईक येऊन हजर.

"वैष्णवी आपणच का?"

"हो," मी सवयीनं म्हणाले.

"हा पोचा कशानं?"

"तिघी बसलो होतो, वर ड्रॉइंग बोर्ड. सबमिशन होतं."

"सीट का फाटलीय?"

"मधे बसणारीच्या खिशात कंपास असायचा. मधे अवनी बसायची. निकालाच्या दिवशी सगळा रस्ता रडत आली आणि पास झाल्यावर दुप्पट रडत परत गेली. तेव्हा वाटायचं, कधी एकदा हे कॉलेज संपतंय! आणि आता..."

"बाई, आपल्याला गाडी विकायचीय की मला रडवायचंय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं! नारायण पेठेत, भर दुपारी! दिगंबरराव दोन पावलं मागे सरले. "राहू द्या. मला गाडी हवी होती," म्हणाले आणि चालू लागले.

"छान," काकू म्हणाल्या. "गिऱ्हाईकही गेलं. आता ही तूच ने."

नेली. चारला कँटीनच्या दारात होते. पाच वाजले तरी एकटीच. अवनीचा फोन आला, "वाकडच्या पुलावर आहे. पूल हलेल, पण गाड्या हलायच्या नाहीत." मग वैष्णवीचा.

"वॉचमनकडून किल्ली घेऊन बसले होते. माणसं आत्ता गेली गं, उशिराच आली होती. ओटा फस्सक्लास बसलाय! बरोब्बर माझ्या कमरेला!"

वैष्णवी ताडमाड उंच. अवनी तिच्या खांद्यालाही लागत नाही. आता बिचारीला पोळ्या लाटायला स्टूल लागणार!

"तू निघ ना लवकर!"

"नाही गं जमत. आई-बाबा बॅगा घेऊन थेट विमानतळावर येतायत. तू आत्ता निघालीस तरी या ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत मी आत गेलेली असेन." मग म्हणाली, "संस्कृती, तिकडे माझी प्रॉक्सी कोण लावणार गं?"

"पोचलीस की कळव," एवढंच म्हणाले.

आत गेले. कँटीनच्या अनंतकाकांनी न विचारता खांबामागच्या टेबलावर तीन चहा आणून ठेवले.

"बाकीच्या दोघी?"

मी नाकातून म्हटलं, "प्रेझेंट!" मग अवनीचा आवाज काढायला गेले, पण तो जुना चिरका आवाज काही निघेना. कसा निघणार? तो आता तिच्याकडेही उरला नाही. मग दुपारी फोनवर ऐकला तसाच खणखणीत ओरडले, "प्रेझेंट!"

पलीकडच्या टेबलावरच्या पोरी दचकून बघायला लागल्या.

"माझे कान शाबूत आहेत," अनंतकाका म्हणाले. "चहा गार होतोय."

तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. 'सेक्रेटरीपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल संस्कृतीताईंचं अभिनंदन! काय तडफदार बोललात! टँकरचं तेवढं उद्यापासून बघा.'

मी लिहिलं, 'बघते.'

मग तिन्ही चहा मीच प्यायले. घशाशी सारखं काहीतरी अडकत होतं. ॲसिडिटी असणार, दुसरं काय! तीन चहा म्हणजे थोडे का झाले?