राजक्का गालाला दोरा लावते

आमच्या बोळात तरुण पोरगी दिसली की राजक्का आधी तिची हनुवटी धरते, तोंड उजेडाकडं वळवते, आणि कनवटीचा दोऱ्यांचा झुबका काढून एकेक दोरा तिच्या गालाला लावून बघते. ओळख असो नसो.

तिची तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात रंग जुळवण्यात गेली. नमुन्याचा दोरा एका हातात, रंगवलेलं सूत दुसऱ्या हातात. जरा फिकं-गडद झालं की अख्खा माल परत. मालकसुद्धा तिच्यापुढं बोलायचा नाही. कारखाना सुटला, पण डोळे कुठं जातात? आता मुरमं जाऊन पोरींच्या गालांवर लाल डाग राहतात ना, त्यावर नजर.

माझी नात सई हिच्या गालांवर तसलेच डाग. कॉलेजात स्कार्फ सोडायची नाही, मग जायचंच बंद केलं. मी आपली शहाणी, लिंबू चोळलं. गाल पेटलेच पोरीचे. राजक्कानं दारातूनच मला झाडलं.

"सूत हाय का ते? सोताच्या तोंडाला चोळा की आदी."

मग सईजवळ बसली. तेलुगू घरातली ती, लेकराला बिड्डा म्हणते. "बिड्डा, साध्या पाण्यानं धुवायचं, उनात जाताना डॉक्टरचं मलम लावायचं, नख लावायचं न्हाय. कच्चा लाल हाय, उतरतोय. दर रविवारी मी बगते."

रविवारी सकाळी सईला ती आमच्या ओट्यावर बसवायची. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो म्हणे. पहिल्या रविवारी डाळिंबी दोरा लागला. दुसऱ्या रविवारी गाजरी. तिसऱ्याला तिनं गुलाबी लावला, मान हलवली. "लई उतरला की."

सई म्हणाली, "आजी, उद्या कॉलेजला जाते. स्कार्फ नको."

मला मात्र चैन पडेना. तीन आठवड्यांत इतकं? दुपारी सई झोपल्यावर मी चष्मा लावला आणि ओट्यावर राहिलेले दोरे हळूच तिच्या गालाला लावून बघितले. गुलाबी कसला, डाग अजून डाळिंबीच्याच घरात.

तशीच उठून राजक्काकडं गेले. मेथी निवडत होती.

"राजक्का, नजर अधू झाली का तुमची?"

"न्हाय."

"मग पोरीला खोटं का सांगितलं? उद्या उघड्या तोंडानं निघालीय ती."

"जाऊ द्या की. डाग काय, चार-सा म्हैन्यात जात्यात. पोरगी घरात बसली की उटत न्हाय." दोन काड्या मोडून झाल्यावर म्हणाली, "माज्या शारदेला असंच व्हतं. मी रोज दोरा लावायची आन् खरा रंग सांगायची. आज तसाच, आज जास्ती. तिनं आरसाच भिंतीकडं फिरवून टाकला."

शारदा म्हणजे तिची लेक, लग्न होऊन भिवंडीला गेली, त्याला वीस वर्षं झाली.

"दिवाळीला येते की," राजक्का म्हणाली. "पर माज्यासमोर गालावरचा पदर काढत न्हाय. तुमच्याकडं चा प्यायला येती तवा काढती का?"

"काढते."

"गेले असतील न्हाय डाग?"

"एकसुद्धा नाही," मी म्हटलं. "लखलखीत गाल आहेत."

खरं सांगायचं तर मी कधी नीट बघितलंच नव्हतं.