मुकादमांचा बाक

आमच्या वडनेर भोलजीच्या एस.टी. थांब्यावर एक सागवानी बाक होता आणि त्यावर बसायची कुणाची छाती नव्हती. बाक मजबूत होता, पण त्याला मुकादम होते.

गणपतराव मुकादम माझे शेजारी. रेल्वेतून रिटायर होऊन गावी परतले, तेव्हा बाकाचा एक पाय कुजला होता आणि फळी उन्हानं तडकली होती. कुणी न सांगता त्यांनी नवा पाय ठोकला, भेगांत राळ आणि भुसा भरला, पायांच्या बुडाला डांबर फासलं. मग गरम जवसाचं तेल लावायला घेतलं, ते काही संपेना. एक हात वाळला की दुसरा.

"मुकादम, बसू काय?"

"काऊन बे, डोये नाहीत? लाकूड पिऊन राह्यलं!"

लेकीकडं निघालेली म्हातारी असो की तालुक्याचे साहेब, सगळे उभेच. साहेबांनी चिडून विचारलं, "कधीपर्यंत पिणार हे?"

"तुमच्या बदलीपर्यंत तं होऊन जाईन, साहेब."

पावसाळाभर बाकाला पाणी बाधलं नाही, आणि माणूसही. लोक भांडत, मुकादम मनापासून भांडत. गाडी आली की भांडण अर्ध्यावर टाकून लोक निघून जात.

शेवटी पंचायतीनं समोर सिमेंटचा बाक बांधला. लोक तिकडं बसू लागले. मुकादम दोन दिवस आपल्या चकचकीत बाकाशेजारी उभे राहिले. कुणी काही विचारलंच नाही.

तिसऱ्या दिवशी ते तेलाचा डबा घेऊन माझ्या अंगणात हजर. "गुरुजी, तुमची खुर्ची उन्हानं फाटून राह्यली. मले पाहवलं नाही."

खुर्चीचा फार तर एक पाय डुगडुगत होता. त्यांनी पाचर मारली, तेल लावलं आणि राखण करायला तिथंच बसले. माझ्या बायकोनं चहा दिला, मग जेवायला वाढलं. घरी ते एकटेच, चूल पेटली तर पेटली. पण एरवी बोलावलं तरी येत नसत. आता मात्र जेवता जेवता रेल्वेच्या गोष्टी सांगून त्यांनी बायकोला हसवून हसवून बेजार केलं.

असे चार दिवस गेले. पाचव्या संध्याकाळी चपला घालत ते म्हणाले, "पहा बरं गुरुजी, वाळली असंन. उद्या इथं मायं काही काम नाही."

मी खुर्चीवरून बोट फिरवलं. कोरडीठाक.

"ओली आहे हो अजून. सकाळीच या."

मुकादमांनी माझ्या कोरड्या बोटाकडं पाहिलं.

"हाव," ते हळूच म्हणाले, "मलेही तसंच वाटलं."