काळ्या पडलेल्या कपाळाचा तपास

तैवानमधल्या ताइनान शहराच्या दक्षिण भागातलं एकही रहस्य आपल्यापुढे टिकलेलं नाही, असं त्साइ मिंग-हुइ काका सांगत. आजवर एकही हाती घेतलेलं नाही, हे सांगत नसत. तीस वर्षं टपालखात्यात पत्रं लावल्यामुळे ‘बंद पाकीट पाहून आतला माणूस ओळखतो’ अशी ओळ त्यांच्या कार्डावर होती. कार्डं त्यांनीच छापून घेतली होती.

आजचं प्रकरण घरचं होतं. त्यांची पुतणी शिन-रू हिच्या वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं. दुपारी बाराला नैवेद्य. त्याआधी तसबीर लागायला हवी होती, आणि छपाईवाल्यानं दहाची वेळ दिली होती. फोटो एकच होता, मासळी संघाच्या ओळखपत्रावरचा, कृष्णधवल.

“तसबीर कशी उजळ पाहिजे,” काकांनी बजावलं होतं.

शिन-रू संध्याकाळच्या वर्गात संगणकाला चित्रं सुधारायला लावण्याचे धडे घेत होती. चित्र म्हणजे ठिपके, ठिपका म्हणजे आकडा. शून्य काळा, दोनशे पंचावन्न पांढरा. तिनं प्रत्येक आकड्यात साठ मिळवायची ओळ लिहिली. गाल उजळले. पण बाबांचं चकाकतं कपाळ डांबरासारखं काळं झालं, आणि पांढरी कॉलरही.

काकांनी पडद्याला भिंग लावलं. “बुरशी.”

“काका, मूळ फोटो स्वच्छ आहे.”

“मग फोटो दुसऱ्याचाच. संघानं अदलाबदल केली.”

“तुमचा सख्खा भाऊ आहे तो.”

“तपासात नातं आणू नये.” काकांनी भिंग खाली ठेवलं. “दादा रागावलाय.”

त्यांनी देव्हाऱ्यासमोर कौल लावायचे दोन लाकडी ठोकळे टाकले. दोन्ही उताणे पडले. म्हणजे पलीकडचा नुसता हसतो आहे. त्यांनी पुन्हा टाकले. पुन्हा हसू. तिसऱ्यांदाही तेच.

“साक्षीदार सहकार्य करत नाही,” काकांनी वहीत लिहिलं.

साडेनऊ झाले होते. शिन-रूनं तीच ओळ सहाव्यांदा वाचली. ओळीत चूक नव्हती, म्हणूनच तिला रडू येत होतं.

आई मासे साफ करून हात पुसत आली. “जे सगळ्यांत पांढरं होतं, तेवढंच काळं झालंय ना?”

“वहिनी, हे जरा तांत्रिक आहे.”

“असू दे हो, भावजी. शिन-रू, आपल्या गाड्यावरच्या दहा किलोच्या काट्यावर अकरा किलो मासे टाकले, तर काटा काय दाखवतो?”

“गरकन फिरून... एक किलो.”

“मग?”

शिन-रूनं हिशेब केला. अडीचशेत साठ म्हणजे तीनशे दहा. शून्य धरून जागा दोनशे छप्पन्नच, म्हणून आकडा फिरून चोपन्नावर. जवळजवळ काळा. बेरीज दोनशे पंचावन्नलाच थांबवायची सूचना तिनं ओळीत घातली. कपाळ लख्ख झालं.

“हे मी सुचवणारच होतो,” काका म्हणाले.

आईनं चष्मा लावला. “हे कोण?”

“बाबा.”

“उन्हात मासे विकणारा माणूस इतका गोरा असतो? कमी कर.”

साठाचे तीस झाले. तिसाचे दहा.

“अजून.”

शिन-रूनं शून्य लिहिलं. आई बराच वेळ पाहत राहिली.

“हं. हेच ते.”

काकांनी वही उघडली आणि लिहिलं, ‘हरवलेली व्यक्ती जशीच्या तशी सापडली.’

ती नोंद कोणी खोडली नाही. शिन-रू छपाईवाल्याकडे निघाली.