वाटाण्याएवढी पेस्ट

कॉम्प्युटरचा कूलर घरच्या घरी बदलायचं आम्ही ठरवलं, त्या दिवशी सकाळी दहा वाजेपर्यंत आमचा संसार सुखाचा होता.

मी घरी टायपिंगची कामं घेते. या वेळचं काम आमच्या मोठ्या बाईंचं होतं. मोठ्या बाई म्हणजे माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आता ऐंशीच्या आहेत. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं आणि टाइप करायला माझ्याकडे दिलं. शाळेत एकदा माझा भरतकामाचा रुमाल वर्गासमोर धरून त्या म्हणाल्या होत्या, "सुरुवात छान आहे. पण ही मुलगी शेवटच्या टाक्यापर्यंत कधी पोचत नाही." रुमाल कधीच हरवला, वाक्य काही हरवलं नाही. त्यामुळे या वेळी मला पोचायचंच होतं. छापखान्याला संध्याकाळी सहापर्यंत सगळं हवं होतं. दोनशे सहा पानं झाली होती, नऊ उरली होती आणि कॉम्प्युटर दर पंधरा मिनिटांनी तापून बंद पडत होता.

(त्यात माझ्या डाव्या डोळ्यात आठ महिन्यांपासून एक डाग. डॉक्टरांनी चष्मा काढायला लावून दोनदा बॅटरी मारून पाहिलं. काही सापडलं नाही, म्हणून थेंब लिहून दिले. शेजारच्या वहिनी रोज चौकशी करतात.)

मी कॉम्प्युटरवाल्याला फोन केला.

"काकू, कूलर गेला. नवीन आणा," तो म्हणाला. "त्याच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये थर्मल पेस्ट लावायची, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरमध्ये जाते. मी पाचच्या आत येऊ शकत नाही. पण सोपं आहे, चार स्क्रू. काका करतील."

'काका करतील' हे आमच्या ह्यांनी ऐकलं आणि तिथेच घात झाला. हे ऑफिसात आवक-जावक बघतात. पण हातात स्क्रू ड्रायव्हर आला की ह्यांच्या चेहऱ्यावर सर्जनचं तेज चढतं.

दुकानदाराने कूलर काढून दिला आणि विचारलं, "पेस्ट कोणती देऊ? साधी, चांगली की धातूची?"

"सगळ्यात भारी कोणती?" हे म्हणाले.

"धातूची. पण इकडेतिकडे सांडली तर बोर्ड जळतो."

"मधली द्या," मी म्हटलं. पडद्याचं कापड असो, कुकर असो, मी कायम मधलीच वस्तू घेते. (लग्नाच्या वेळीही तीन स्थळं आली होती. हे दुसरे.)

घरी आल्यावर ह्यांनी टेबलावर चादर अंथरली, जुना कूलर काढला, वाळलेली पेस्ट कापसाने पुसली. इथपर्यंत सगळं इतकं नीट झालं की मला भीतीच वाटायला लागली.

"किती लावायची?" ह्यांनी विचारलं.

"वाटाण्याएवढी, असं दुकानदार म्हणाला."

हे स्वयंपाकघरात गेले आणि डब्यातून एक सुका वाटाणा घेऊन आले. मी फ्रीजमधून ओला आणला. दोन्ही प्रोसेसरशेजारी ठेवले. फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता.

"वाटाणा म्हणजे सुका. माप नेहमी सुक्याचं असतं," हे म्हणाले.

"अहो, एवढंसं कुणाला पुरणार? चार माणसांना वाढायचं असतं तर?"

"अगं, पण इथे कुणाला वाढायचंय?"

पुन्हा कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. "वाटाणा सुका की ओला?" मी विचारलं. मग तो म्हणाला, "काकू, भिजवलेला." आम्हा दोघांचंही समाधान झालं. ह्यांनी श्वास रोखून भिजवलेल्या वाटाण्याएवढा ठिपका सोडला.

कूलर उलटा केला तर त्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं. आता आमच्या घराची रीत सांगायला हवी. आमच्याकडे वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. रिमोट पिशवीत आहे. फ्रीजच्या हँडलचं वेष्टन बारा वर्षांचं आहे. सोफ्यावर पाहुणे बसले की सोफा कुरकुरतो, पण आत नवाकोरा आहे.

"यावर लाल अक्षरात काहीतरी आहे. वाच," हे म्हणाले. वाचनाचं खातं माझ्याकडे.

मी वाचायला घेतलं. नेमका पहिल्या शब्दावर तो डाग आला. "पुढे 'बिफोर यूज' आहे."

"म्हणजे वापरण्यापूर्वी काहीतरी. आपण अजून कुठे वापरलाय?"

"आणि बघा ना, किती नीट बसवलंय. पेस्टने बूड खराब होऊ नये म्हणून असणार."

हे कौतुकाने म्हणाले, "कंपनी चांगली आहे."

चार स्क्रू आवळले. कॉम्प्युटर सुरू झाला. मी अडीच ओळी टाइप केल्या आणि तो बंद पडला. जुन्या कूलरवर पंधरा मिनिटं तरी चालत होता.

मग ह्यांनी पेस्ट पुसून सुक्याएवढी लावली. पाच ओळी. मग माझ्या आग्रहाने ओल्याएवढी. तीन ओळी. तेवढ्यात मोठ्या बाईंचा फोन आला.

"झालं का गं?"

"होतंच आलंय बाई."

"तुझं होतच येतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मी पदराने डोळे टिपले आणि त्याच हाताने थेंब घातले.

पाच वाजता कॉम्प्युटरवाला आला. कूलर काढून उलटा केला, नखाने कोपरा उचलला आणि ते प्लास्टिक आख्खं सोलून माझ्या हातात दिलं. त्यावर आमची पेस्ट सुरेख पसरली होती.

"काका, पेस्ट एकदम बरोबर लावलीत," तो म्हणाला. "फक्त प्लास्टिकला लावलीत."

पाच वाजून बारा मिनिटांनी मी टायपिंगला बसले. उठले ती सहाला तीन कमी असताना, शेवटच्या पानाचं शेवटचं वाक्य संपवून, फाइल छापखान्याला पाठवूनच. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पोचलीस म्हणायची."

कॉम्प्युटरवाला चहा पीत माझ्याकडे बघत होता.

"काकू, चष्मा नवीन का?"

"छे, आठ महिने झाले."

"जरा द्या इकडे."

त्याने डाव्या काचेवर नख फिरवलं आणि एक इवलासा करडा स्टिकर बोटावर घेऊन मला दाखवला. मी चष्मा चढवला. डाग नव्हता. टेबलावर पडलेल्या प्लास्टिकवरचा पहिला शब्द आता लख्ख वाचता येत होता. 'रिमूव्ह'.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी विचारलं, "डोळा कसा आहे?"

"डाग गेला," मी म्हटलं.

"अगंबाई, कशाने?"

खोटं मला बोलता येत नाही. "कॉम्प्युटरवाल्याच्या नखाने," मी म्हणाले.

तेव्हापासून त्या माझ्या डोळ्यांची चौकशी करत नाहीत. दुरूनच, हळू आवाजात, ह्यांना विचारतात, "वहिनी बऱ्या आहेत ना?"