हेरसाहेबांचा पहिला गुन्हा

छोट्या जाहिरातींच्या टेबलावर एकोणीस वर्षं काढलेल्या गृहस्थांना सगळा पेपर ‘हेरसाहेब’ म्हणे, आणि तो टोमणा आहे हे त्यांना पटतच नसे. त्यांच्या खणात कायम एक रहस्यकथा. तिच्यात एक वार्ताहर. पोलीस डोकं खाजवत बसणार, वार्ताहर खुनी पकडणार आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर त्याचं नाव! हेरसाहेब मात्र रोज दुसऱ्यांचे वाढदिवस आणि निधनं छापत. एकदा, फक्त एकदा आपलं नाव छापून यावं म्हणून बिचाऱ्यांचा जीव तीळ तीळ तुटे.

बुधवारी सकाळी एक म्हातारे घड्याळवाले काका खिडकीशी आले. त्यांनी अंक पुढे सरकवला. काळ्या चौकटीत त्यांचाच फोटो होता, वर ‘दुःखद निधन’.

“हे तुम्हीच?”

“अजून तरी मीच.”

जिवंत माणसाचं निधन! हेरसाहेबांनी वही काढली.

“तुमच्या दुकानावर कुणाचा डोळा आहे?”

“गळतं हो ते. कोण डोळा ठेवणार?”

“शत्रू?”

“एक होता. मागच्या वर्षी गेला.”

“नक्की?”

“तुमच्याच पेपरात वाचलं.”

काकांना बाकावर बसवून हेरसाहेब संपादकांकडे धावले. संपादक हसले. “संध्याकाळपर्यंत छडा लावा. पहिल्या पानावर घेतो, तुमच्या नावासकट.”

तेवढ्यात फोन खणाणला. कुणा कंत्राटदाराचा जावई ओरडत होता, “सासरे जाऊन तीन दिवस झाले, आणि सकाळपासून लोक पुष्पगुच्छ घेऊन येताहेत!” म्हणजे त्याच पानावर काकांच्या पंचाहत्तरीच्या शुभेच्छांची जाहिरात होती, आणि तिच्या चौकटीत कंत्राटदारांचा फोटो बसला होता. दोन गुन्हे, हात एकच! हेरसाहेबांनी पानाचं प्रूफ मागवलं. खाली सही होती, वेळ होती मंगळवार, पाच वाजून दहा मिनिटं. सही त्यांचीच.

पाच वाजून दहा मिनिटांनी कादंबरीतला वार्ताहर तळघरात उतरला होता. त्याला एकट्याला सोडवेना, म्हणून हेरसाहेबांनी एक डोळा पुस्तकात ठेवून फोटो चिकटवले होते.

त्यांनी प्रूफ घडी करून खिशात कोंबलं. पण मग वाटलं, गुन्हेगार म्हणून का होईना, नाव तर येईल! ते बाकाशी गेले.

“काका, सापडला. मीच तो. उद्या पहिल्या पानावर सगळं कबूल करतो.”

“उद्या नको हो!” काका गडबडले. “तेच सांगायला आलो होतो. शनिवारी छापा. मुलगी लांब असते. सकाळी शेजारणीकडे रडत फोन केला, निघाली म्हणे. शुक्रवारी पोचेल.”

“अहो, पण तिला कळवा ना, जिवंत आहात म्हणून!”

“ते नऊ वर्षं कळवतोय की.”

हेरसाहेबांनी वहीतलं पान फाडून खिशात घातलं. मग संपादकांकडे जाऊन म्हणाले, “छडा लागत नाही, साहेब. शनिवारपर्यंत थांबूया.”

“मग शनिवारी आत दोन ओळींचा खुलासा टाका.”

“नाव?”

“खुलाशाला कसलं आलंय नाव!”

शनिवारी दुपारी रडून डोळे सुजलेली एक बाई खिडकीशी आली.

“आमच्या बाबांना मारणारा कोण तो?”

हेरसाहेब उठून उभे राहिले. “मी.”

“नाव काय तुमचं?”

एकोणीस वर्षांत त्या खिडकीतून हे कुणी विचारलं नव्हतं. हेरसाहेबांनी वडिलांच्या नावासकट, आडनावासकट सांगितलं. बाईंनी ते नीट लिहून घेतलं.

“तक्रार करणार?”

“छे हो. बाबा म्हणाले, उद्या जेवायला बोलाव, आणि नाव घेऊन बोलाव.”